समुद्रलिलीचा साचा

कासारवाडी,
रविवार, ३ मार्च १९७४

कस्तुरा,

जयभीम. ख्यालीखुशाली मागाहून विचारतो. आधी हे ऐक.

काल भट्टीवरचे दोन गडी आले नाहीत, म्हणून मिस्तरीने मला साचे सोडून वर चढवलं, चुनखडी फोडायला. बिडाच्या रसातला मळ वर यावा म्हणून कोळशाबरोबर ती भट्टीत टाकतात. टोपलीत सगळे तुकडे पांढुरके आणि त्यात एक काळपट, पाटीसारखे थर असलेला. हातोडा मारला तर थरावरच उघडला, आणि आत फूल. देठ, देठाच्या टोकाला अर्धवट मिटलेली मूठ, मुठीला बारीक बारीक बोटं. सगळं मिळून माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढं. मी बघतच राहिलो. खालून मिस्तरी ओरडला, "ए बीएस्सी, चुना टाक, समाधी घरी लाव." इथे मला सगळे बीएस्सी म्हणतात. सेकंड इयर अर्धं सोडलं त्याची पदवी अशी मिळाली.

तू होतीसच त्या दिवशी. आपलं प्रॅक्टिकलचं टेबल एक. तो डेमॉन्स्ट्रेटर मला जे बोलला ते तू ऐकलंस, आणि मी दगडांचा ट्रे त्याच्या पायांवर उलटा करून बाहेर पडलो ते तू पाहिलंस. त्यानंतर तू बी.एस्सी. झालीस, तुझ्या बाबांची रेल्वेतली बदली अजनीला झाली, तू नागपूरला एम.एस्सी.ला बसलीस. मी माझ्या बहिणीकडे, इंदुताईकडे राहतो आणि पिंपरीच्या एका फाउंड्रीत मोल्डर आहे, म्हणजे वाळूत साचे घालतो. दोन वर्षांत तुला चार कार्डं टाकली. तुझं एक आलं, तेही "अभ्यासात आहे" एवढंच.

आता मात्र उत्तर द्यावं लागेल. हे काय आहे ते विचारायला माझ्याकडे दुसरं माणूस नाही. चित्र काढून पाठवतोय. दगड उशाशी ठेवलाय. कोणाला हात लावू देत नाही.

घरचा पत्ता माहीत नाही, म्हणून भूशास्त्र विभागाच्या पत्त्यावर टाकतो.

भीमराज

*

नागपूर,
१२ मार्च

भीमराज,

तुझं पाकीट शिपायाने सगळ्या वर्गासमोर आणून दिलं. पाठवणाऱ्याचं नाव जरा लहान अक्षरात लिहीत जा. तुझं "भीमराज" निम्म्या पाकिटावर पसरलं होतं.

फूल नाही ते. वनस्पतीच नाही. क्रिनॉइड आहे, मराठीत समुद्रलिली म्हणतात. तारामाशाच्या भाऊबंदांपैकी, देठाने समुद्राच्या तळाला धरून बसणारा आणि वर हात पसरून पाण्यातलं खाणं पकडणारा प्राणी. हा धडा झाला तेव्हा तू वर्गात होतास, पण खिडकीबाहेर बघत होतास. मला कसं माहीत ते विचारू नकोस.

देठाच्या सुट्या चकत्या पुष्कळ सापडतात. हात आणि देठ जागच्या जागी जोडलेले क्वचितच मिळतात, कारण मेल्यावर थोड्याच दिवसांत सांधे सुटतात आणि सगळं विखुरतं. तुझा एकसंध आहे, म्हणजे त्याच्यावर गाळ एकदम येऊन पडला असणार. तेव्हा हातोडा आधी घराबाहेर ठेव.

एक जाड सुई लाकडाच्या मुठीत बसव. दगड ओला कर, उजेडात बस, भिंग लाव. सुई प्राण्याकडे ढकलायची नाही, त्याच्यापासून बाहेर. एका वेळी एक दाणा. मऊ कुंचल्याने धूळ काढ. राग आला की उठून जा. हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहितेय.

ओळखायचं ते असं: देठ गोल आहे की कोनांचा, पेला कसा आहे, हात कुठे फुटतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दगड आला कुठून. आपल्याकडे सगळा काळा लाव्हा, त्यात समुद्रलिली कुठली. विभागातल्या आमच्या सरांना तुझं चित्र दाखवलं. चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं त्यांनी, आणि म्हणाले, "जागा कळली नाही तर नाव पुरतं मिळणार नाही."

कस्तुरा

*

कासारवाडी,
२४ मार्च

कस्तुरा,

खिडकीबाहेर मी काय बघत होतो ते तुला सांगितलं तर तू हसशील. काचेत तुझा बाक दिसायचा.

छत्रीची काडी घासून टोक काढलं. घड्याळजीकडून भिंग आणलं. शिफ्टवरून आलो की दाराच्या उंबऱ्यावर बसतो. इंदुताई म्हणते, "एवढ्या निगुतीनं कधी स्वतःची नखं कापली नाहीस." राग आला की उठून जातो. काल पाच वेळा उठलो. शेजारच्यांना वाटलं पोट बिघडलंय.

पण देठ निघाला. गोल नाही. एका जागी तुटलाय तिथे आडवा छेद दिसतो, पाच पाकळ्यांचा तारा. एकावर एक तारे रचल्यासारखा देठ. हे मी पाहिलं, मी काढलं. कॉलेजातल्या कपाटातलं नव्हे.

चुनखडी आणणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला गाठलं. म्हणाला, "कच्छ समझो, जामनगर समझो. दो जगह का माल एक गाडी में आता है." नीट सांग म्हटलं तर हसला. मी त्याची कॉलर धरली. मग कोंडीरामने मला मागून धरलं. कोंडीराम म्हणजे माझ्या शेजारच्या साच्याच्या पेटीवरचा मोल्डर, निघोज्याचा. म्हणाला, "आरं, दगडापायी मानूस मारतूस व्हय? त्यो बी दगडच हाय, त्याला काय म्हाईत."

मला वाटतं ही नवीन जात आहे. नवीन निघाली तर नाव देणाराच ठरवतो ना? तुझं नाव द्यायचं. सरांनी ते छापलं, मला परत कॉलेजात घ्या म्हणून दोन शब्द लिहिले, की मी पदवी घेतो. मग कुणाच्या बाबांना काही बोलायला जागा राहणार नाही.

बाबांवरून आठवलं. आपल्या वर्गातला विलास नागपूरला लग्नाला जाऊन आला. तो म्हणतो, तुला भिलाईच्या इंजिनिअरचं स्थळ आलंय. खरं आहे का? विलासला चहासुद्धा न पाजता घालवलं. सर काय म्हणतात? तुझे बाबा काय म्हणतात?

भीमराज

*

नागपूर,
७ एप्रिल

भीमराज,

माझं नाव त्या प्राण्याला देऊ नकोस. डांबराच्या गोळ्यांच्या वासात कपाटात पडून राहायची मला हौस नाही. नवीन जात आहे हे ठरवायला जुन्या सगळ्या माहीत असाव्या लागतात. त्या तुला माहीत नाहीत, मलाही नाहीत.

पाच पाकळ्यांचा तारा असेल तर आयसोक्रायनसच्या गोतातला असावा, असं मला वाटतं. सरही तेच म्हणाले. या गोतात देठाच्या काही चकत्यांवर बारीक आकडे असतात, तळाला धरून राहायला. ते दिसतात का बघ. हात किती वेळा फुटतात तेही.

ड्रायव्हरची कॉलर धरून भूगोल कळत नाही.

स्थळ खरं आहे. मुलगा येऊन गेला. पोह्यांची बशी मीच दिली. भिलाईच्या कारखान्यात आहे, बोलायला बरा आहे. बाबांनी परीक्षेपर्यंत वेळ दिलाय.

सर काय म्हणतात ते विचारलंस, बाबा काय म्हणतात ते विचारलंस. सर्वांची चौकशी केलीस, बरं वाटलं.

कस्तुरा

*

कासारवाडी,
२१ एप्रिल

कस्तुरा,

"बोलायला बरा आहे." हे वाक्य मी शिफ्टमध्ये वाळू ठोकताना घोकतोय. काल दोन पेट्या इतक्या ठोकल्या की साच्यातून वाफ जाईना, कास्टिंग फुटलं. मिस्तरीने अख्ख्या शॉपसमोर उद्धार केला.

आकडे आहेत. एका चकतीवर पाच, पाची दिशांना. पण हात अजून निम्मे दगडात आहेत आणि वरची साल कडक. सुईने एका हाताचं टोक उडालं. मला रडू आलं, खरंच. असं करत बसलो तर दिवाळी येईल. परीक्षा संपायच्या आत हे पुरं करून मला नागपूरला यायचंय. सरांपुढे ठेवायचं, मग तुझ्या बाबांपुढे उभं राहायचं. रिकाम्या हाताने येणार नाही.

म्हणून एक विचार केलाय. शेजारच्या गाळ्यात पत्रे साफ करायचं ॲसिड असतं. आपल्या प्रॅक्टिकलच्या बाटलीतलंच, जास्त कडक. पाणी घालून पातळ केलं आणि दगडाच्या कोपऱ्यावर थेंब टाकला. अजिबात फसफसलं नाही. म्हणजे हा दगड चुन्याचा नाही, ॲसिडने त्याला काही होत नाही. सगळा बुडवून ठेवला तर वरचा मळ आपोआप सुटेल. बरोबर ना?

उलट टपाली लिही. पंधरवडाभर वाट बघतो. त्यापुढे मला जमणार नाही, तुला माहीत आहे.

भीमराज

*

नागपूर,
६ मे

भीमराज,

ॲसिडला हात लावू नकोस. दगड चुन्याचा नसेल, पण तो प्राणी चुन्याचा आहे. त्याचं सगळं अंग चुन्याच्या चकत्यांचं असतं. दगड राहील आणि तो विरघळून जाईल. थेंब टाकायचाच होता तर त्या तुटलेल्या टोकावर टाकून बघायचा होतास.

अभ्यासाची सुट्टी लागली म्हणून मी विभागात गेले नव्हते. तुझं पत्र तिथे पडून होतं, आज हातात आलं. इथेच पोस्टात उभी राहून लिहितेय.

परवापासून रेल्वेचा संप. बाबा युनियनमध्ये पुढे आहेत. धरपकड सुरू झाली आहे, त्यामुळे ते घरी झोपायला येत नाहीत. आई दाराची कडी वाजली की दचकते. टपालाच्या गाड्या चालतील की नाही कोण जाणे. हे तुला वेळेवर मिळो.

आणि भिलाईला मी नाही म्हणून सांगितलंय. का, ते विचारशील तर सांगेन. विचारलंस तर.

कस्तुरा

*

कासारवाडी,
१९ मे

कस्तुरा,

गाड्या बंद आहेत हे मला दिसतं. घरामागेच रूळ आहेत, त्यावर आता पोरं गोट्या खेळतात. पण संप आठ तारखेला लागला. माझं पत्र एकवीस एप्रिलचं. "हो" किंवा "नको" लिहायला तुला तेवढे दिवस पुरले नाहीत. बोलायला बरं माणूस मिळाल्यावर लिहायला कोणाला वेळ असतो.

दगड ॲसिडात टाकला. इंदुताईचा इनॅमलचा वाडगा घेतला, पत्र्याच्या गाळ्यातून बाटली आणली. फसफस सुरू झाली. मी खूश. वाटलं, मळ निघतोय. कोंडीरामला म्हटलं, बघ आता कसं लख्ख निघतं. चहाला गेलो, परत आलो, पाण्याने धुतला.

आत काही नाही. जिथे प्राणी होता तिथे भोक. देठाच्या जागी नळी, हातांच्या जागी बारीक भेगा, मुठीच्या जागी खड्डा. दगड मात्र जसाच्या तसा. त्याला ओरखडासुद्धा नाही.

झालं. आता मला नागपूरला यायचं कारण उरलं नाही. भिलाईला माझा जयभीम सांग. पत्रिका पाठवू नकोस, सुट्टी मिळणार नाही.

भीमराज

*

(पोस्टकार्ड)
कासारवाडी, २० मे

कालचं पत्र न वाचता फाड. सकाळी टपालपेटीशी उभा राहून पोस्टमनकडे परत मागितलं, त्याने दिलं नाही. भांडण झालं. पेटी सरकारची म्हणतो. पत्र माझं ना?

भी.

*

नागपूर,
२ जून

भीमराज,

पत्र आणि कार्ड एकाच दिवशी मिळाली. आधी कार्ड वाचलं. मग पत्रही वाचलं. तुझं कोण ऐकणार.

बाबांना नऊ तारखेला पोलीस घेऊन गेले. गेल्या बुधवारी सुटून आले, दाढी वाढलेली, अंगात ताप. नोकरीवरून तूर्त बाजूला केलंय, क्वार्टर सोडावं लागेल अशी कुजबूज आहे. परीक्षा पुढे गेली. त्यात आईचा माझ्यावर राग, कारण भिलाईला मी नाही म्हटलं ते हे सगळं सुरू व्हायच्या आधी. "हो म्हटलं असतंस तर एक जबाबदारी तरी कमी होती," म्हणते. सहा मेच्या पत्रात तुला हे लिहिलं होतं. ॲसिड नको, हेही. ते अजून कुठल्या तरी यार्डात उभ्या डब्यात असेल, नाहीतर एव्हाना तुला मिळून तू स्वतःलाच शिव्या देत असशील. दे थोड्या.

तू थेंब टाकलास तो दगडावर. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप त्याच्यावर टाकलाच नाहीस. माझ्या बाबतीत काय वेगळं केलंस? सर काय म्हणतात, बाबा काय म्हणतात, पदवी, स्थळ. चार पत्रांत मला काय हवंय, असा एक प्रश्न नाही.

असो. आता दुसरं. पोकळी समोर घेऊन रडणारा मोल्डर मी पहिल्यांदाच पाहतेय. दिवसभर काय करतोस कामावर? दगडात त्याच्या अंगाची पोकळी आहे म्हणजे तुझ्याकडे साचा आहे. सरांना विचारलं. ते म्हणाले, दगड चुन्याचा नसेल आणि प्राणी खराब झालेला असेल तर तो मुद्दाम ॲसिडने काढतात आणि पोकळीत रबर भरून त्याची प्रत घेतात. तू केलंस ते करतात लोक. आधी विचार करून करतात, एवढाच फरक.

कस्तुरा

*

कासारवाडी,
१६ जून

कस्तुरा,

तुझं सहा मेचं पत्र तीन जूनला आलं, पाकिटावर चहाचा डाग घेऊन. दोन जूनचं नंतर. शिव्या दिल्या, थोड्या म्हणाली होतीस, जास्त झाल्या. तुमच्या दाराची कडी वाजत होती तेव्हा मी इथे तुझ्या नावाने वाळू ठोकत होतो. बाबांचा ताप उतरला का? क्वार्टरचं काय झालं? पुढच्या पत्रात आधी हे लिही.

आता साचा. तू लिहिलंस आणि मी कपाळावर हात मारला. प्लॅस्टर चालणार नव्हतं. पोकळी वाकडीतिकडी, कडक माल आत अडकला की काढताना साचा फुटतो, एवढं वाळूनेच शिकवलंय. कोंडीरामचा भाऊ रबराच्या कारखान्यात आहे. त्याच्याकडून बाटलीभर पातळ रबर आणलं, दुधासारखं. कोंडीराम म्हणाला, "काय करनार याचं?"

"समुद्रातला प्राणी."

"आन् समुद्र कुटनं आननार? पवनेत सोडतूस का काय त्याला?"

पहिल्यांदा सगळं एकदम ओतलं. वरून वाळलं, आत ओलं, ओढलं तर हात तुटून आतच राहिले. चिमट्याने एकेक धागा काढून पोकळी साफ केली. दुसऱ्या वेळी कुंचल्याने पातळ हात दिला आणि वाळू दिला. मग दुसरा. मग पुढचा. घरातले सगळे मला बघायला येत होते, की हा बसलाय कसा. पाठीमागे कापडाचा तुकडा चिकटवला. आज सकाळी एका टोकाने हळूच उचललं.

कस्तुरा, तो आला. सगळा आला. सुईने मी वर्षभर खपलो असतो तरी एवढं दिसलं नसतं, कारण दगडाखालची बाजूही आली. देठाचे तारे, ठरावीक चकत्यांवर पाच पाच आकडे, टोकाला जेमतेम दिसेल असा पेला. हात पाच निघतात, लगेच फुटून दहा होतात, वर काही पुन्हा फुटतात. हातांच्या आतल्या बाजूला खाणं तोंडाकडे न्यायची पन्हळ आहे, केसाएवढी. रबराचा आहे म्हणून वाकतो. बोटावर घेतला तर हलला. इंदुताई "अगंबाई" म्हणून मागे सरली.

आयसोक्रायनसच म्हणायला हरकत नाही. त्यापुढे मी जात नाही. हीच प्रत सरांसाठी सोबतच्या डबीत घातली आहे, साचा माझ्याकडे आहे.

आता प्रश्न. सरांना नाही, बाबांना नाही. माझ्याकडे पदवी नाही, पगार मोल्डरचा, डोकं हे असं. तुला माझ्याशी लग्न करायचंय का? आणि भिलाईला नाही का म्हणालीस?

भीमराज

*

नागपूर,
२६ जून

भीमराज,

बाबांचा ताप उतरला. क्वार्टर अजून आहे, नोकरीचा निकाल लागलेला नाही.

सरांनी डबी उघडली आणि विभागातल्या सगळ्यांना बोलावलं. भिंगाखाली धरून, वाकवून, पुस्तकाशी ताडून पाहिलं. शेवटी चिठ्ठी लिहिली: आयसोक्रायनस, जात अनिश्चित, स्थळ अज्ञात. खाली शोधणारा म्हणून तुझं नाव. मी विचारलं, यापुढे काही? ते म्हणाले, "दोन ठिकाणचा माल एका गाडीत आला तिथेच पुढचं नाव संपलं." तुझ्या कॉलेजाबद्दलही विचारलं. म्हणाले, "त्याला फॉर्म भरून परीक्षेला बसू दे. प्राणी दाखवून पदवी मिळत नसते."

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच आहे. हो, मला करायचंय. त्या काचेत फक्त तूच बघत नव्हतास, मीही तुला बघत होते.

पण आता घरात मी एकटी कमावण्याजोगी. परीक्षा झाली की गोंदियाकडे विहिरींच्या पाण्याच्या सर्वेक्षणात तात्पुरती नोकरी मिळतेय, ती घेणार. धाकट्या दोघांची शाळा, बाबांचा खटला. दोन वर्षं तरी माझा पगार या घरचा. तोवर लग्नाची गोष्ट काढायची नाही, मला घाई करायची नाही, नागपूरला येऊन तमाशा करायचा नाही.

तुला जमेल? तू पोस्टाच्या पेटीशी भांडणारा माणूस. पंधरवड्यापुढे थांबवलं नाही तुला. म्हणून सांगते, उलट टपाली "हो" आलं तर मी ते धरणार नाही. ते तुझं डोकं बोलेल. थांब, विचार कर, मग लिही.

कस्तुरा

*

कासारवाडी,
३० जून

कस्तुरा,

तुझं पत्र काल आलं. उत्तर दारातच तयार होतं. पण तू ते धरणार नाहीस, म्हणून लिहून ठेवतो आणि टाकत नाही.

हो.

३ जुलै
टाकलं नाही. कामावर जाताना पोस्टावरून जात नाही, रुळांपलीकडून जातो. कोंडीराम विचारतो, "उधारी हाय का काय पोस्टात?"

७ जुलै
आज विचार केला, तू सांगितलास तसा. दोन वर्षं म्हणजे काय ते मांडून पाहिलं. तुला कुठलंही स्थळ येईल, तुझी आई म्हणेल बघ अजून. माझा पगार वाढेल न वाढेल. तू गोंदियाला उन्हात विहिरी मोजशील आणि मी इथे भट्टीपाशी. रागाने दोन वर्षं काढता येत नाहीत, एवढं दिसलं. मग कशाने काढायची? फॉर्म भरायचा म्हणतोय. नाईट शिफ्ट मागून घेतली की दिवसा अभ्यास होईल. हे तुझ्या बाबांसाठी नाही. ती पन्हळ कशाची हे मला तुला विचारावं लागू नये म्हणून.

१० जुलै
इंदुताई म्हणाली, "पत्र टाकायचं नसेल तर इकडे दे, चुलीला कागद हवाय."

१२ जुलै
सगळं पुन्हा वाचलं. पहिल्या दिवशीचा शब्द बदलावासा वाटला नाही. भिलाई, पोहे, तुझी आई, सगळं धरूनही. हो. दोन वर्षं, लागली तर तीन. घाई करणार नाही, तमाशा करणार नाही. भांडलो तर ते कारखान्यातच भांडेन.

आता टाकतो.

भीमराज

*

नागपूर,
१७ जुलै

भीमराज,

तुझं पत्र आज मिळालं. मी विचार कर म्हटलं होतं, पुराणं लिही म्हटलं नव्हतं.

या दिवसांत मी किती वेळा विभागात गेले असेन ते शिपायाला विचार. शेवटी तो मला लांबूनच मान हलवून "नाही" म्हणायला लागला. पेपरच्या आदल्या दिवशी पुस्तक उलटं धरून बसले होते, मैत्रिणीने सरळ केलं. वाटलं, पोस्टात अडकलं. मग वाटलं, संप तर संपला. मग वाटलं, मी दोन वर्षं म्हटलं तिथेच याचं उत्तर संपलं. तुला घाईखोर म्हणत होते ना, त्याची भरपाई झाली माझी.

परवा राहवलं नाही. बाबा अंगणात दाढी करत होते. आरसा मी धरला होता. त्यातच बघून सांगून टाकलं: एक मुलगा आहे, पुण्याकडे फाउंड्रीत मोल्डर, कॉलेज अर्ध्यावर सोडलेलं, डोकं गरम, आपल्यातलाच. तुमचा खटला मिटेपर्यंत आणि धाकट्यांचं होईपर्यंत तो थांबेल. नंतर आम्ही लग्न करणार.

बाबांचा वस्तरा गालावर तसाच थांबला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि परत आत गेली. बाबांनी उरलेला गाल केला, तोंड धुतलं, पंच्याने पुसलं.

मग म्हणाले, "मोल्डर म्हणजे साचे घालतो ना? हातात काम आहे तर." वस्तरा मिटत म्हणाले, "दोन वर्षं थांबतो असं त्याने स्वतः सांगितलंय का?"

मी म्हटलं, "हो."

तेव्हा तुझं पत्र वाटेत होतं की इंदुताईच्या चुलीत, मला माहीत नव्हतं. बाबांशी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि ते खरं ठरायला आजची डाक उजाडावी लागली.

पुन्हा एवढा विचार करू नकोस.

कस्तुरा